आधी जागा, मग बोट: सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये शिडाच्या बोटीवर राहायचं असेल तर

बे एरियात घरभाड्याचा विषय निघाला की आपल्या मंडळींपैकी कुणीतरी हळूच विचारतं, "क्रेगलिस्टवर तीस फुटी शिडाची बोट पंधरा हजार डॉलरला दिसतेय. घेऊन तिच्यावरच राहिलो तर?" राहता येतं. लोक राहतातही: नर्सेस, सॉफ्टवेअरवाले, निवृत्त सुतार, पीएचडी करणारी पोरं. पण प्रश्न उलट्या टोकाने धरलेला असतो. इथे बोट मिळणं सर्वांत सोपं आहे. ती कायदेशीर बांधून तिच्यात झोपायची परवानगी मिळणं अवघड. म्हणून या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत आणि तो क्रम मोडू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शिडाची बोट म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई' आणि २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे कमांडर दिलीप दोंदे येतात. इथला विषय तो नाही. इथे बोट वर्षातले बहुतेक दिवस धक्क्याला बांधलेली असते, सकाळी तुम्ही ऑफिसला जाता आणि संध्याकाळी येऊन तिच्यात खिचडी लावता.

पायरी पहिली: राहण्याची परवानगी असलेली जागा

या खाडीच्या किनाऱ्यावर अधिकार चालतो तो बे कॉन्झर्वेशन अँड डेव्हलपमेंट कमिशनचा. सगळे त्याला बीसीडीसी म्हणतात. १९६५ मध्ये खाडीत भर घालून जमीन करण्याचा धडाका थांबवायला हे मंडळ स्थापन झालं. त्यांचं म्हणणं असं की पाण्याखालची जमीन सार्वजनिक आहे, तिथे खासगी घरं नकोत. अपवाद एकच. मरीनामध्ये, म्हणजे भाड्याने बोटी बांधायच्या बंदरात, रात्री थोडी माणसं असली तर सुरक्षेला बरं, म्हणून एकूण जागांपैकी सहसा जास्तीत जास्त १० टक्के जागांवर राहत्या बोटी चालतात. या राहत्या बोटींना 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. शंभर जागांच्या मरीनात दहा लिव्हअबोर्ड, आणि ती दहा माणसं सहसा हलत नाहीत. त्यामुळे प्रतीक्षायादी आली. ती काही महिन्यांची असू शकते, काही वर्षांचीही.

अलमेडा, एमरीव्हिल, बर्कली, रिचमंड, सॉसालिटो, ऑयस्टर पॉइंट, रेडवुड सिटी अशा सगळीकडच्या मरीनांना फोन करा. ऑफिसला फेरीबोटीने जायचं असेल तर अलमेडा आणि ऑयस्टर पॉइंट आधी बघा. फोनवर "जागा आहे का" एवढंच विचारू नका. विचारायचं ते असं: लिव्हअबोर्डची यादी वेगळी आहे का आणि तिच्यात नाव घालायला बोट आधी असावी लागते का? किती लांबीच्या बोटीची जागा सर्वांत आधी मोकळी होते? बोटीच्या वयाची अट आहे का? दर बोटीच्या लांबीवर की स्लिपच्या, म्हणजे बोट बांधायच्या गाळ्याच्या, लांबीवर? बहुतेक ठिकाणी दोन्हींतलं जे जास्त असेल ते धरतात, म्हणजे ३० फुटी बोट ३६ फुटी स्लिपमध्ये घातली की भाडं ३६ फुटांचं. लिव्हअबोर्डचं जादा शुल्क माणशी की बोटीमागे? वीज मीटरवर की ठरावीक? आणि पोस्टाची पत्रं घेतात का?

यादीत नाव घालून मधल्या काळात गुपचूप राहायचा मोह होतो. आठवड्यातून दोन-तीन रात्री बोटीवर झोपलेलं बहुतेक मरीनांना चालतं. त्यापुढे गेलात की हार्बरमास्टरला, म्हणजे मरीनाच्या व्यवस्थापकाला, कळतंच. विजेचा मीटर, फाटकाच्या चावीची नोंद, आणि सर्वांत साधं म्हणजे हिवाळ्याच्या सकाळी आतून घाम आलेल्या काचा. रिकाम्या बोटीच्या काचा तशा कोंदत नाहीत.

"मग फुकट नांगर टाकून राहू" हाही सल्ला ऐकू येईल. सॉसालिटोजवळच्या रिचर्डसन बेमध्ये लोक दशकानुदशकं तसे राहत होते. आता तिथे ७२ तासांची मर्यादा आहे, आणि २०२६ पर्यंत उरलेल्या बोटी हलवण्याचा करार त्या खाडीच्या प्राधिकरणाने बीसीडीसीशी केलेला आहे. रेडवुड सिटीतली डॉकटाउन ही तरंगती वस्तीसुद्धा खटल्यानंतर बंद करायचं नगर परिषदेने २०१६ मध्ये ठरवलं. तेव्हा लेखी परवानगीशिवाय घराचा विचार करू नका.

पायरी दुसरी: किती फुटांची बोट

बोटीचा व्यवहार फुटांवर चालतो. स्लिपचं भाडं फुटावर, बोट पाण्याबाहेर काढायचे पैसे फुटावर, तळ घासणाऱ्या पाणबुड्याचा दर फुटावर, सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) फुटावर. पण लांबी थोडी वाढली की रुंदी, खोली, वजन सगळंच वाढतं. कॅटॅलिना ४२ ही कॅटॅलिना ३० पेक्षा लांबीला चाळीस टक्के मोठी, पण वजनाला जवळजवळ दुप्पट. दोर जाड, शीड मोठं, विंच मोठे, इंजिन मोठं, नांगर जड. त्यामुळे खर्च फुटांपेक्षा वेगाने चढतो.

आणि बोट स्वस्त मिळाली म्हणून तिचा सांभाळ स्वस्त पडत नाही. 'दरवर्षी किमतीच्या दहा टक्के देखभालीला' हा जुना आडाखा जुन्या बोटींना लागूच पडत नाही. पाच हजारांना घेतलेल्या चाळीस फुटी बोटीची डोलकाठी धरणाऱ्या तारा बदलायला लागणारे पैसे चाळीस फुटी बोटीचेच असतात. जवळजवळ फुकट मिळणाऱ्या मोठ्या बोटीपासून चार हात दूर राहा, एवढंच मी आग्रहाने सांगेन.

एकट्याला २७ ते ३० फूट, दोघांना ३० ते ३६. कॅटॅलिना ३० हे ठरलेलं उत्तर आहे आणि ते कंटाळवाणं असलं तरी बरोबर आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत सहा हजारांवर बोटी तयार झाल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि प्रत्येक दुखण्याचा इलाज कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो. रुंदी १० फूट १० इंच, आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो. थोडी ऐसपैस हवी असेल तर आयलंडर ३६ बघा, ही खाडीतली जुनी लाडकी बोट आहे.

शोधायचं कुठे? क्रेगलिस्ट, ब्रोकर, आणि १९७७ पासून इथे निघणारं 'लॅटिट्यूड ३८' हे मोफत मासिक, त्याच्या छोट्या जाहिराती. सर्वांत चांगला सौदा मात्र ज्याची बोट आधीच लिव्हअबोर्ड स्लिपमध्ये आहे त्याच्याकडे असतो. तिथे एक फसगत ठरलेली: 'लिव्हअबोर्ड स्लिपसह विक्रीला' असं लिहिलेलं असतं, पण स्लिप विकणाऱ्याच्या मालकीची नसते. नव्या मालकाला ती मिळेल का हे मरीनाच्या ऑफिसातून ईमेलवर लिहून घ्या, मगच इसार द्या.

पायरी तिसरी: बोट तपासणं

सर्व्हेयरला बोलावण्याआधी स्वतः तासभर घालवा. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि डेकवर वीतभर अंतरावर ठोकत चला. घट्ट डेकवर कोरडा, टणक 'टक' येतो. जिथे आवाज बसतो, 'थप' येतो, तिथे फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड कुजलेलं आहे. डोलकाठीच्या पायाशी, तारा डेकमधून खाली उतरतात त्या पट्ट्यांभोवती आणि रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी हमखास थप ऐकू येतं. मग खाली जाऊन त्याच जागांच्या खालचं लाकूड बघा. गंजाचा तपकिरी ओघळ दिसला की समजायचं, पाणी आत येतंय.

कॅटॅलिना ३० बघत असाल तर तिची ठरलेली दुखणी अशी. तळाचा वजनदार किल जिथे बोटीला मिळतो तिथे पुढच्या बाजूला भेग पडते. सगळे तिला 'कॅटॅलिना स्माइल' म्हणतात. जुन्या बोटींत त्या सांध्यात प्लायवुड होतं आणि ते भिजून कुजतं. डोलकाठीचा भार घेणाऱ्या खांबाखालचा लाकडी ठोकळाही तसाच. इंजिनाच्या पॅनेलच्या वायरींमधले ट्रेलरछाप प्लग गंजून तापतात. ते कापून टाकून नीट जोडणी करून घ्यायची असते. आणि सुरुवातीच्या बऱ्याच बोटींत ॲटॉमिक ४ हे पेट्रोल इंजिन आहे. इंजिन चांगलं आहे, पण पेट्रोलची वाफ तळात साठते, सुरू करण्याआधी ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, ब्लोअर, चार मिनिटं चालवावाच लागतो. ज्या बोटीत रोज झोपायचं, स्वयंपाक करायचा, तिच्यात मी डिझेलच घेईन.

एवढ्यातून बोट टिकली तर रीतसर ऑफर द्या, सर्व्हे आणि सी-ट्रायल (बोट पाण्यात चालवून घेतलेली चाचणी) समाधानकारक झाली तरच सौदा पक्का, अशी अट घाला. सर्व्हेचे फुटाला पंचवीस-तीस डॉलर धरा, बोट बाहेर काढायचे वेगळे. हा खर्च वाचवता येत नाही, कारण जुन्या बोटीला विमा कंपनी ताजा सर्व्हे मागतेच आणि विम्याशिवाय मरीना दारात उभं करत नाही. सर्व्हेयर विकणाऱ्याच्या ब्रोकरने सुचवलेला नको, स्वतः शोधा. त्याच्याबरोबर दिवसभर थांबा. त्याने लिहिलेल्या अहवालापेक्षा तो बोलता बोलता जे पुटपुटतो ते जास्त कामाचं असतं.

कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांसाठी चार ओळी

अमेरिकेत बोटीची नोंद दोन प्रकारे होते: कोस्ट गार्डकडे किंवा राज्याकडे. कोस्ट गार्डची नोंदणी फक्त अमेरिकी नागरिकांना. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनी कॅलिफोर्निया डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन विभागाकडे, नोंद करायची, तिथे नागरिकत्वाची अट नाही. विकणाऱ्याची बोट कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल तर ती नोंद आधी रद्द करून घ्यावी लागते. हे त्याच्या गळ्यात घाला, नाहीतर महिनोन् महिने लटकाल. डीएमव्हीत विक्रीकरासारखा यूज टॅक्स भरावा लागतो, साधारण नऊ ते अकरा टक्के, काउंटीप्रमाणे. नोंदणीची मुदत विषम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. त्याशिवाय १ जानेवारीला बोट ज्या काउंटीत असेल तिचा मालमत्ता कर दरवर्षी येतो, किमतीच्या टक्का-सव्वा टक्का.

इंजिन लावून बोट चालवायला कॅलिफोर्निया बोटर कार्ड लागतं. २०२५ पासून ते सगळ्या वयांना सक्तीचं आहे. ऑनलाइन परीक्षा, कार्डाचे १० डॉलर, कार्डाला मुदत नाही.

व्हिसावर असाल तर पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याचा एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो. मरीनाचा पत्ता आणि स्लिपचा क्रमांक द्या आणि पत्रांसाठी खासगी पोस्टबॉक्स वेगळा घ्या. दुसरं म्हणजे, नोकरी गेली तर हातात ६० दिवस असतात आणि जुनी बोट साठ दिवसांत चांगल्या भावाला विकली जाणं कठीण. म्हणून व्हिसावरच्या माणसाने बोटीत तेवढेच पैसे घालावेत जेवढे बुडाले तरी झोप उडणार नाही. जुन्या बोटीला कर्ज तसंही कुणी फारसं देत नाही.

खर्चाचा हिशेब

दर वर्षागणिक आणि मरीनागणिक बदलतात, म्हणून हे आकडे ढोबळ धरा. सुरुवातीला ३० फुटी बोट पंधरा हजार, कर दीड हजार, सर्व्हे आणि त्यासाठी बोट बाहेर काढणं मिळून अकराशे, तळाचा रंग तीन हजार, आणि वायरिंग, बॅटऱ्या, होज, गाद्या, सुरक्षेचं सामान मिळून पाच हजार. झाले साधारण साडेपंचवीस हजार. बोटीच्या किमतीखेरीज तिच्या दोन-तृतीयांश रक्कम हाताशी नसेल तर स्वस्तातली बोट शोधा, पण ही रक्कम सोडू नका.

महिन्याचं असं: स्लिप फुटाला पंधराने ४५०, लिव्हअबोर्ड शुल्क ३००, वीज ७०, विमा ५०, पाणबुड्या ८५, मैला उपसणं २०, कपडे धुणं ४०, किनाऱ्यावरची छोटी स्टोरेज खोली १२०, गॅस १५, कर आणि नोंदणी २०. हे ११७० होतात. त्यात देखभालीसाठी ३५० बाजूला टाका, म्हणजे १५२०. हे साडेतीनशे ऐच्छिक नाहीत. डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात आणि ३० फुटी बोटीला त्याचे सहा ते दहा हजार पडतात. तळाचा रंग दोन-तीन वर्षांनी परत. हा पैसा एकदम लागतो.

अलमेडा-ओकलंडकडे एका बेडरूमच्या घराला दोन हजारांच्या वर जातात, सॅन फ्रान्सिस्को शहरात तीनच्या आसपास किंवा पुढे. म्हणजे बचत होते, पण बोटीवर महिन्यातले दोन-तीन शनिवार-रविवार हातात पाना घेऊन जातात. ते काम दुसऱ्याकडून ताशी दराने करून घ्याल तर बचत संपली. ज्याला असली खटपट आवडत नाही त्याने पैशासाठी बोटीवर येऊ नये, तो अपार्टमेंटमध्येच सुखी राहील.

वीज: ३० अँपियरचं घर

धक्क्यावरच्या खांबातून जाड पिवळी केबल बोटीत येते. ३० अँपियर, १२० व्होल्ट, म्हणजे कागदावर ३६०० वॉट. सतत चालवायला त्यातले २९०० च्या आत धरा. हीटर १५००, गिझर १५००, इंडक्शन शेगडी १८००. तिन्हींतली कुठलीही दोन एकत्र लावली की तुम्ही मर्यादेच्या वर गेलात. हळूहळू सवय लागते: गिझर बंद, मग शेगडी, मग हीटर.

ब्रेकर उडला तर नशीब म्हणायचं, खरा धोका तो उडत नाही तेव्हा असतो. खाऱ्या हवेत केबलच्या टोकाच्या पितळी पिना काळवंडतात, पकड सैल होते आणि तेवढ्याच जागी उष्णता साठते. हिवाळ्यात हीटर तासभर चालल्यावर बोटीच्या बाजूचा प्लग हाताने धरून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. महिन्यातून एकदा ब्रेकर बंद करून प्लग काढा आणि पिनेभोवतीचं प्लास्टिक बघा. तपकिरी कडा दिसली की केबलचं टोक आणि बोटीवरचं सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्याला पुन्हा जाळतं. पंखावाला स्वस्त हीटर आणू नका. तेलभरला रेडिएटर आणा आणि तो ६०० किंवा ९०० वॉटवर ठेवा.

त्याच केबलमधून शेजारच्या बोटींशी तुमची बोट विजेने जोडली जाते आणि पाण्याखालचा धातू खाल्ला जातो. त्यासाठी हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, आणि पाणबुड्याला दर वेळी झिंकचा, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी झिजायला लावलेल्या जस्ताच्या तुकड्याचा, फोटो पाठवायला सांगा. निम्मं उरलं की बदलायचं.

संडास

सगळ्यांना हेच विचारायचं असतं, फक्त काकूच थेट विचारतात. बोटीवरचा संडास हातपंपाचा असतो आणि मैला टाकीत जातो. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडणं हा गुन्हा आहे, म्हणजे खाडीत कुठेच सोडता येत नाही. थेट बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून बांधून ठेवलेला असावा लागतो. लिव्हअबोर्डला परवानगी देताना हार्बरमास्टर टाकीत रंगाची गोळी टाकून बघू शकतो.

तीस फुटी बोटीची टाकी पंधरा-वीस गॅलनची. केंद्र सरकारच्या अनुदानातून बसवलेली उपसा केंद्रं थोडकेच पैसे घेतात, काही तर फुकट आहेत. पण त्यासाठी बोट सोडून तिथे न्यावी लागते. घरपोच येणारी उपसा-बोट तीस-चाळीस घेते. सकाळचं काम आणि अंघोळ किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहात उरकलंत तर टाकी तीन आठवडे पुरते. म्हणून मरीना बघायला जाल तेव्हा स्वच्छतागृह आपल्या धक्क्यापासून किती पावलांवर आहे, शॉवरला गरम पाणी सकाळी सातलाही येतं का, हे स्वतः बघा. भाड्यातल्या पन्नास डॉलरच्या फरकापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

आपल्याला पाणी लागतंच. दाबाच्या पाण्यावर हँड शॉवर बसवता येतो, टाकी थोडी लवकर भरते एवढंच. उलट कागद आत न गेल्याने पंप तुंबत नाही. वास येतो तो बहुतेक वेळा टाकीचा नसतो, जुन्या होजमधून झिरपतो. गरम ओलं फडकं होजवर दोन मिनिटं गुंडाळा आणि मग ते फडकं हुंगा. वास आला तर होज बदला. घाण काम आहे, पण एका रविवारचं.

स्वयंपाक

कुकर हे बोटीसाठी सर्वांत योग्य भांडं आहे: झाकण घट्ट, गॅस कमी, आणि वरण-भात-बटाटे एकदम. तीन लिटरचा आणा, पाचाचा ठेवायला जागा नाही. फोडणीचा मात्र विचार करा. चिमणी नसते, वरचं छत हाताला लागतं, आणि मोहरी-हिंग-मिरचीचा धूर गाद्यांत मुरतो. छतातली खिडकी उघडून, छोटा पंखा बाहेरच्या तोंडाने लावून, जाळीच्या झाकणाखाली फोडणी करायची. तळण किनाऱ्यावरच्या मित्राकडे.

गॅस प्रोपेन असतो. तो हवेपेक्षा जड, गळला तर तळात जाऊन बसतो. सिलिंडर आतल्या भागापासून बंद आणि तळाला बाहेर तोंड असलेल्या स्वतंत्र कप्प्यातच हवा, स्वयंपाक झाला की स्विचने व्हॉल्व्ह बंद. गळती तपासायची पद्धत सोपी आहे. शेगडी बंद ठेवून सिलिंडर उघडा, दाबमापकाचा काटा बघा, सिलिंडर बंद करा, तीन मिनिटं थांबा. काटा हलला तर कुठेतरी गळतंय. जुन्या काही कॅलिफोर्नियन बोटींत सीएनजीची शेगडी आहे. ती भरून मिळणं जिकिरीचं झालंय, घेताना बघा. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. देवापुढचं निरांजन लावलंत तर विझेपर्यंत तिथेच बसा.

ओल

दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, बाहेर आठ-दहा अंश, आणि फायबरच्या भिंतीवर दव जमतं. गादीखाली तर सकाळी हात ओला होतो. गादीखाली जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या घाला, एक छोटा कंप्रेसरवाला डीह्युमिडिफायर घेऊन त्याची नळी सिंकमध्ये सोडा, आणि दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. पोहे, पापड, हळद-तिखट सगळं रबरी झाकणाच्या डब्यांत. पैठणी, चामड्याचे बूट आणि मूळ प्रमाणपत्रं किनाऱ्यावरच्या स्टोरेजमध्ये. ते १२० डॉलर याच्यासाठीच आहेत.

पाण्यात पडणं आणि पाणी आत येणं

धक्क्याला बांधलेल्या बोटीवर राहणाऱ्याला धोका वादळाचा नसतो तेवढा धक्क्यावर घसरण्याचा असतो. डिसेंबरातल्या रात्री, हातात किराणा, फळ्यांवर दव. खाडीचं पाणी दहा ते पंधरा अंश असतं. पडल्याबरोबर धाप लागते, आणि कपड्यांसकट धक्क्यावर चढणं धडधाकट माणसालाही जमत नाही. पाण्यातून हात पुरवून खाली ओढता येईल अशी शिडी बोटीला लावा. आपल्या धक्क्यावरची शिडी कुठे आहे ते उजेडात बघून ठेवा. हिवाळ्यात रात्री एकट्याने येताना फुगणारं लाइफ जॅकेट घाला, शेजारी हसणार नाहीत.

बोटीच्या तळाला पाणी घ्यायला-सोडायला भोकं असतात, प्रत्येकावर झडप. दर महिन्याला प्रत्येक झडप उघड-बंद करा, अडकली तर पुढच्या वेळी बोट बाहेर काढली की बदला. प्रत्येक होजला दोन पट्टे, आणि प्रत्येक झडपेशेजारी त्या मापाचं लाकडी बूच दोरीने बांधलेलं. तळातल्या स्वयंचलित पंपाबरोबर पाणी वाढलं की वाजणारा अलार्मही बसवा. संकटसमयीच्या फ्लेअरची मुदत ४२ महिने असते. अग्निशामक टाकून द्यायचा प्रकार असेल तर बारा वर्षांनी बाद.

महिनाभर भारतात जाताना

आपण जातो तो काळ डिसेंबर-जानेवारी, आणि नेमकं तेव्हाच इथे दक्षिणेकडून पावसाळी वादळं येतात आणि वर्षातली सर्वांत मोठी भरतीही. निघण्याआधी संडास, सिंक, इंजिन यांच्या सगळ्या झडपा बंद करा. इंजिनची झडप बंद असल्याची चिठ्ठी चावीला बांधा, नाहीतर परत आल्यावर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याविनाच ते सुरू कराल. मैल्याची टाकी रिकामी करून धुवा. गॅस सिलिंडरवरूनच बंद. दोर दुहेरी बांधा आणि जिथे घासतात तिथे जुना होज चढवा. पुढचं गुंडाळलेलं शीड शक्यतो काढून आत ठेवा. वाऱ्याने ते एका रात्रीत सुटलं तर फाटून चिंध्या होतात आणि नव्याचे हजारो डॉलर. धक्क्याची वीज बॅटरी चार्जरपुरती चालू, म्हणजे पंपाला दम राहील. हीटर मात्र बंद. मरीना ऑफिसला तारखा कळवा आणि शेजारच्या लिव्हअबोर्डला चावी द्या. त्याच्या बदल्यात तो सुट्टीवर गेला की त्याची बोट तुम्ही बघायची. चकल्यांचं पाकीट चालतं, पण ही देवघेव जास्त टिकते.

सोडायचं ठरलं तर

बोट एप्रिल-मेमध्ये विकायला काढा. उन्हाळ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक असतं, नोव्हेंबरात कुणी फिरकत नाही. विकताना डीएमव्हीला विक्रीची सूचना देणं विसरू नका, नाहीतर नव्या मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या बोटीची नोटीस तुमच्या नावाने येईल. मालमत्ता कर आकारणाऱ्या काउंटीच्या असेसरलाही कळवा. आणि बोट कुणीच घेत नसेल तर ती कुणाला तरी डॉलरला देऊन मोकळं होण्यापेक्षा कॅलिफोर्नियाची जुन्या बोटी स्वीकारण्याची योजना बघा. सरकारच्या निधीतून भाग घेणाऱ्या स्थानिक यंत्रणा अशा बोटी फुकट ताब्यात घेऊन मोडीत काढतात. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तुमच्या नावावर स्वच्छ असावं लागतं आणि निधी असेपर्यंतच नंबर लागतो, म्हणून बोट अजून तरंगतेय तोवरच अर्ज करा.